कॉलेज फुटबॉलचे व्हिडिओ गेम : आता टिकतील का, की पुन्हा अकरा वर्षं थांबायचं?

हुरॉनकाठचा

मंडळी, बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहून टाकतो.

२००९ साली एमएससाठी ॲन आर्बरला, मिशिगन विद्यापीठात आलो तेव्हा फुटबॉल म्हटलं की मला पायाने खेळायचा तेवढाच माहीत होता. चौघे रूममेट, एक सेकंडहँड एक्सबॉक्स ३६० आणि ईए स्पोर्ट्स या कंपनीचा एनसीएए फुटबॉल, म्हणजे अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा व्हिडिओ गेम. फर्स्ट डाऊन म्हणजे काय, चौथ्या डाऊनला (दहा यार्ड पुढे जायच्या शेवटच्या प्रयत्नाला) पंट का मारतात, म्हणजे चेंडू लाथेने लांब का उडवतात, बचावातली फळी पुढे सरकली की काय समजायचं, हे सगळं मला त्या खेळाने शिकवलं. मग शनिवारी स्टेडियममध्ये लाखभर माणसांत उभा राहिलो तेव्हा परका वाटलो नाही. इथे आल्यावर पहिल्यांदा कशाने आपलंसं केलं असेल तर या खेळाने.

तेव्हा मिशिगनचा क्वार्टरबॅक (क्यूबी), म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारा, होता डेनार्ड रॉबिन्सन. बुटांच्या नाड्या न बांधता पळायचा आणि कुणाच्या हाती लागायचा नाही. खेळात मात्र त्याचं नाव नसायचं. नुसता ‘क्यूबी, नंबर १६’. उंची तीच, वेग तोच, फक्त नाव गायब. सीझन सुरू व्हायच्या आदल्या रात्री आम्ही कंट्रोलरवर एकेक अक्षर निवडून नावं भरायचो. रॉबिन्सन लिहून सेव्ह केलं की समालोचक ‘रॉबिन्सन!’ असं ओरडायचा आणि आम्ही चौघे त्याच्याहून जोरात.

२०१३ च्या जुलैत एनसीएए फुटबॉल १४ आला, मुखपृष्ठावर डेनार्डच. आणि मग खेळ बंद. थेट १९ जुलै २०२४ ला कॉलेज फुटबॉल २५ आला. तोवर मला मुलगा झाला, तो आता नऊ वर्षांचा आहे. आम्ही दोघे मिळून खेळतो. या वेळी खरी नावं आहेत.

प्रश्न असा की हे किती दिवस? आजूबाजूला एवढी उलथापालथ चालली आहे की पुन्हा एक दिवस ‘यंदा खेळ नाही’ अशी बातमी येईल, अशी धास्ती वाटते. जाणकारांनी सांगावं. आणि जुनी डिस्क अन् एक्सबॉक्स माळ्यावर आहेत, बायको म्हणते काढून टाका. काय करू?

स्कार्लेटवहिनी

काढून टाका. मुखपृष्ठावर मिशिगनचा माणूस आहे ना, मग प्रश्नच मिटला. :)

कोलंबसहून, म्हणजे तुमच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याच्या, ओहायो स्टेटच्या गावाहून सप्रेम.

हुरॉनकाठचा

वहिनी, ३० नोव्हेंबर २०२४. तुमच्याच घरी. मिशिगन १३, ओहायो स्टेट १०. एवढंच बोलतो.

स्कार्लेटवहिनी

आणि त्याच सीझनला राष्ट्रीय अजिंक्यपद कुणी जिंकलं, तेही बोला.

बरं, गंमत पुरे. माळ्यावरचं काही काढू नका भाऊजी. आमच्याकडे हीच चूक झाली. घर बदलताना जुना प्लेस्टेशन ३ आणि खेळांचा खोका देऊन टाकला. पुढे लेक मोठा झाल्यावर एनसीएए १४ शोधायला गेलो तर वापरलेल्या डिस्कला शंभर डॉलरच्या वर मागत होते! एका दुकानातून घेतली, घरी येऊन बघतो तर मधल्या भोकापाशी बारीक तडा. कन्सोल फिरवायचा, घरघरायचा आणि डिस्क बाहेर ढकलायचा. पोरगं रडकुंडीला आलं होतं.

शारदाकाकू

मी नातवाकडे सॅन होजेला असते. तो खेळतो तेव्हा शेजारी बसते, बँड वाजतो तो मला फार आवडतो. पण मला एक कळत नाही. मुलांची उंची, वजन, चेहरा सगळं घ्यायचं, खेळ विकायचा आणि त्या मुलांना काही द्यायचं नाही, असं कसं चालत होतं इतकी वर्षं? कुणी काही बोललं नाही?

दादरचा वकील

काकू, बोलले, म्हणून तर खेळ बंद पडला. जरा विस्ताराने सांगतो, कारण धागाकर्त्याच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे.

एनसीएए ही कॉलेज खेळांची राष्ट्रीय संस्था. तिचा नियम होता की कॉलेजचा खेळाडू हौशी. शिष्यवृत्ती घ्यावी, पण स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर पैसा घ्यायचा नाही. विद्यापीठं आणि एनसीएए आपली नावं, चिन्हं, स्टेडियम यांचे परवाने विकत होतीच. खेळाडूचं नाव वापरायची सोय नाही म्हणून नाव सोडून बाकी सगळं घेतलं.

२००९ च्या मे महिन्यात सॅम केलर या माजी क्वार्टरबॅकने ईए आणि एनसीएएवर दावा लावला. त्याच्या निकालपत्रातला एक तपशील मी कधी विसरणार नाही. २००५ च्या खेळात ॲरिझोना स्टेटच्या क्वार्टरबॅकची उंची, वजन, केस, कोणत्या हाताने फेकतो, हेल्मेटला काच आवडते की नाही, इथपर्यंत सगळं केलरचं होतं. पुढे तो नेब्रास्काला गेला. २००८ च्या खेळात नेब्रास्काचा क्वार्टरबॅकही हुबेहूब तोच, फक्त जर्सीचा नंबर वेगळा. का, तर केलरने सीझनच्या तोंडावर नंबर बदलला होता, बहुधा म्हणून तो खेळात जुनाच राहिला. हा कुणी सर्वसाधारण खेळाडू नाही, केलरच आहे, याला आणखी पुरावा काय हवा?

त्याच वर्षी जुलैत एड ओबॅननने दावा लावला. हा बास्केटबॉलवाला, १९९५ साली यूसीएलएला अजिंक्यपद मिळवून देणारा. त्याने मित्राच्या घरी खेळात स्वतःला पाहिलं : डावखुरा, टक्कल, नंबर ३१.

कंपनीचा बचाव अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा होता. आणि तो पोकळ नव्हता, कारण २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेच व्हिडिओ गेमला पुस्तक-चित्रपटांसारखं संरक्षण दिलं होतं. पण २०१३ मध्ये दोन वेगवेगळ्या अपील न्यायालयांनी, दोन्हीकडे २ विरुद्ध १ मतांनी, सांगितलं की माणसाला घेऊन काही नवं घडवलंत तर ती कला, पण त्याला तो जे करतो तेच, त्याच मैदानावर करायला लावलंत तर ती नक्कल. त्या जुलैत एनसीएएने परवाना पुढे न वाढवायचं ठरवलं, मग मोठ्या कॉन्फरन्सेसनी (विद्यापीठांच्या गटांनी) अंग काढलं आणि सप्टेंबरात ईएने पुढचा खेळ रद्द केला. शेवटी ईए आणि परवाने देणारी कंपनी यांनी मिळून ४ कोटी डॉलर, एनसीएएने २ कोटी डॉलर देऊन तडजोड केली.

एडिसनकर

त्या दोन अपिलांतलं दुसरं आमच्या रटगर्स विद्यापीठाच्या क्वार्टरबॅकचं, रायन हार्टचं! मी तेव्हा तिथेच शिकत होतो. नंबर १३, डाव्या मनगटाला पट्टी. खेळातला रटगर्सचा क्वार्टरबॅकही नंबर १३ आणि डाव्या मनगटाला पट्टी. आमच्या पोरांत तेव्हा दोन तट पडले होते. एक म्हणे हार्टने बरोबर केलं, दुसरा म्हणे एका माणसापायी सगळ्यांचा खेळ गेला. मी दुसऱ्या तटात होतो. आज वाईट वाटतं त्याचं.

पुणेरी कन्सोल

वकीलसाहेब, माहिती उत्तम. पण मला यातून वेगळाच निष्कर्ष दिसतो. परवाना ही गोष्टच खेळाच्या मुळावर आली आहे. परवाना नसताना आम्ही काय मजा नाही केली? ईएचाच क्रिकेट ०७ आठवा. ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड सोडून बाकीच्यांची नावं मोडतोड केलेली. आपली सगळी टीम अर्धवट नावांची! कोथरूडच्या सायबर कॅफेत दहा रुपयांत पॅच असलेली सीडी मिळायची, टाकली की खरी नावं, खरे कपडे. अजून लोक तो खेळ अद्ययावत करून खेळतात. खेळ कंपनीने करावा, नावं आपण भरावीत. कुणाच्या सह्या नकोत.

ब्लॅक्सबर्गचा बाळ्या

+१. एनसीएए १४ सुद्धा तसाच जगला. कॉलेज फुटबॉल रीव्हॅम्प नावाचा मॉड हौशी लोकांनी फुकट केला. दरवर्षी नवी टीम, नवे गणवेश, नवे खेळाडू. कंपनीने सोडलेला खेळ चाहत्यांनी सांभाळला. मी नाइट शिफ्टहून आल्यावर तासन् तास हेल्मेटचे स्टिकर तपासत बसलोय.

पिक्सेलपंत

मी या धंद्यात आहे, कॉलेज फुटबॉलवर नाही, दुसऱ्या एका खेळावर. म्हणून थोडं सांगतो.

पुणेरी, मॉडवाल्यांना माझा दंडवत, पण ते उभं राहिलं होतं ईएच्या इंजिनावर, ॲनिमेशनवर, आधी मोडून-जोडून तयार केलेल्या शंभरावर स्टेडियमांवर. शून्यातून ते होत नाही. परवान्याशिवाय खेळ करणारे आहेत, मॅक्सिमम फुटबॉल आहे, टीम तुम्ही स्वतः बनवा म्हणतात. पण कॉलेज फुटबॉलचा जीव कशात आहे? काकूंनी एका वाक्यात सांगितलं, बँडमध्ये. मैदानात धावत येताना कोणत्या दगडाला हात लावतात, रेडा सोडतात की घोडा, तिसऱ्या डाऊनला प्रेक्षक काय ओरडतात. एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, ३२ टीम आहेत. इथे कॉलेज फुटबॉल २५ मध्ये १३४ होत्या. तेवढी विद्यापीठं, तेवढी गाणी, आणि प्रत्येकाची मंजुरी.

मंजुरी काय असते ते ऐका. आमच्या खेळात एका क्लबच्या जर्सीचा लाल रंग तीनदा परत आला. कागदावर बरोबर, पण संध्याकाळच्या उजेडात किंचित नारिंगी दिसतो म्हणून. आम्ही सूर्याचा कोन बदलला, रंग नाही, तेव्हा पास झाला. हे एका क्लबचं. आता १३४ ने गुणा.

शारदाकाकू

बाई गं! सूर्यच हलवला!

अटलांटाची अनघा

कॉलेज फुटबॉल २५ मध्ये मुलांना किती मिळाले हे कुणी लिहिलंच नाही. प्रत्येकी ६०० डॉलर आणि खेळाची एक प्रत. ११ हजारांवर मुलांनी होकार दिला. म्हणजे साधारण ६६ लाख डॉलर. खेळ ७० डॉलरला, आणि तो अमेरिकेतला आजवरचा सर्वांत जास्त कमाईचा स्पोर्ट्स गेम ठरला. मला ६०० हा आकडा टोचतो. हौशी म्हणून फुकट घेत होते, आता खाऊचे पैसे दिले.

एडिसनकर

अनघा, आकडा कमी आहे हे मान्य. पण कुणावर सक्ती नव्हती. टेक्सासच्या आर्च मॅनिंगने आधी नको म्हटलं होतं, नंतर आला. आणि तिसऱ्या फळीतल्या मुलाला, ज्याला टीव्हीवर कधी कुणी पाहिलं नाही, त्याला स्वतःचं नाव खेळात दिसलं. ते किती मोलाचं असेल!

अटलांटाची अनघा

त्याचा आनंद खराच आहे. पण त्या आनंदाचा फायदा घेऊन भाव पाडला, असं मी म्हणतेय. चार-पाच स्टार सोडले तर घासाघीस करायची ताकद कुणाकडे होती? ‘घ्या नाहीतर तुमच्या जागी बनावट चेहरा टाकतो.’ याला वाटाघाट म्हणत नाहीत.

आणखी एक बाजू आहे. मी एफ-१ वर आहे. कॅम्पसबाहेर परवानगीशिवाय काम करायचं नाही हे आपल्याला पाठच असतं. कॉलेज टीम्समध्ये ऑस्ट्रेलियाहून आलेले पंटर (पंट मारणारे खेळाडू) बरेच असतात, तेही आपल्यासारखेच विद्यार्थी व्हिसावर. त्यांना असा कुठलाही करार करताना आधी वकील गाठावा लागतो. शेजारच्या लॉकरचा मुलगा सही करून मोकळा, आणि याच्या पोटात गोळा. मला फार जवळचं वाटतं ते.

दादरचा वकील

अनघा, तू नेमक्या जागी बोट ठेवलंस. घासाघीस करणारा कुणी नाही, हीच या खेळाची खरी अडचण आहे. माझ्या मते भविष्यही त्यावरच अडलंय.

मॅडन बघा, ईएचाच एनएफएलवरचा गेम. एनएफएल लीगचा एक करार, खेळाडूंच्या संघटनेचा एक करार. दोन सह्या, काम झालं. कॉलेजच्या मुलांना संघटना नाही. २०१४ च्या मार्चमध्ये नॉर्थवेस्टर्नच्या खेळाडूंना कामगार मंडळाच्या स्थानिक कार्यालयाने कर्मचारी मानलं होतं, पण २०१५ च्या ऑगस्टमध्ये मुख्य मंडळाने हात वर केले. २०२४ मध्ये डार्टमथच्या बास्केटबॉलवाल्यांनी १३ विरुद्ध २ मतांनी संघटना निवडली, वर्षअखेरीस अर्ज मागे घेतला. म्हणजे आजही ११ हजार मुलांकडून एकेकट्याने होकार घ्यायचा, आणि दरवर्षी नवी भरती आली, कुणी पदवी घेऊन गेला, कुणी पोर्टलमधून (विद्यापीठ बदलायच्या यादीतून) दुसरीकडे गेला की पुन्हा.

पुणेरी, तुमच्यासाठी एक आपल्याकडचं. २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयासमोर क्रिकेटपटूंच्या डिजिटल कार्डांचा वाद आला होता. न्यायालय म्हणालं, खेळाडूचं नाव आणि कामगिरीचे आकडे जगजाहीर आहेत, प्रसिद्धीचा हक्क निरंकुश नाही. म्हणजे तुमच्या म्हणण्याला इथे थोडा आधार आहे. पण अमेरिकेत केलरच्या निकालानंतर तो रस्ता बंद झाल्यासारखाच आहे. नावं तुम्ही भरली तरी मनगटाची पट्टी कंपनीनेच काढलेली असते.

पुणेरी कन्सोल

हे पटलं. नावापुरता विचार करत होतो, अंगाचा केला नव्हता.

पण एक तक्रार उरतेच. कॉलेज फुटबॉल २५ आणि २६ हे दोन्ही खेळ फक्त प्लेस्टेशन ५ आणि नव्या एक्सबॉक्सवर. पीसीवर नाहीत. पीसीवर असते तर पुढे परवाना गेला तरी लोकांनी वीस वर्षं जगवले असते.

स्कार्लेटवहिनी

कॉलेज फुटबॉल २६ च्या मुखपृष्ठावर कोण आहे ते अजून कुणीच लिहिलं नाही. जेरेमाया स्मिथ. ओहायो स्टेट. नोंद असावी.

हुरॉनकाठचा

अर्धंच सांगितलंत वहिनी, शेजारी अलाबामाचा रायन विल्यम्सही आहे. आणि २५ च्या मुखपृष्ठावर ट्रॅव्हिस हंटर, क्विन यूअर्स यांच्यासोबत आमचा डोनोव्हन एडवर्ड्स होता. म्हणजे खंड पडण्याआधीच्या शेवटच्या खोक्यावर मिशिगन, आणि परतीच्या पहिल्या खोक्यावरही मिशिगन.

यावरून एक लक्षात आलं. डेनार्ड मुखपृष्ठावर आला तो कॉलेजातलं खेळणं संपल्यावर. कॉलेजात असेपर्यंत त्याला नाव नव्हतं, बाहेर पडला आणि चेहरा मिळाला. एडवर्ड्स मात्र मुखपृष्ठावर होता आणि त्याच शरद ऋतूत मैदानावरही. माझ्या मुलाला हे सांगितलं तर त्याला कळेचना की आधी अडचण काय होती. त्याच्यासाठी नाव असणं हेच साहजिक आहे.

ब्लॅक्सबर्गचा बाळ्या

अवांतर : बास्केटबॉलचंही पुनरागमन होणार म्हणून ईएने २०२५ च्या जूनमध्ये जाहीर केलंय. बंद पडणार असतं तर नवं दुकान कशाला उघडलं असतं?

पिक्सेलपंत

बाळ्या, दुकान उघडणारे आणि दुकानाचे मालक वेगळे असू शकतात. २०२५ च्या सप्टेंबरात ईएच विकत घेण्याचा ५५ अब्ज डॉलरचा सौदा जाहीर झाला, सौदी अरेबियाचा सार्वजनिक निधी आणि इतर. त्यातले २० अब्ज कर्जाचे. एवढं कर्ज डोक्यावर असलं की जे खेळ दरवर्षी हमखास विकले जातात ते कुणी बंद करत नाही. त्या अर्थाने कॉलेज फुटबॉल सुरक्षित आहे. भीती मला वेगळी आहे : खेळात पैसे भरून खेळाडूंची कार्डं विकत घ्यायचे प्रकार वाढतील आणि डायनॅस्टीसारखी, घरात बसून वर्षानुवर्षं एक टीम वाढवायची पद्धत मागे पडेल. खेळ राहील, पण तुमच्या मुलासोबतचा तुमचा खेळ राहील का, हे सांगता येत नाही.

दादरचा वकील

पंतांशी सहमत. भर एवढीच की जमीनही हलतेय. २०२१ च्या १ जुलैपासून मुलांना नावावर कमावता येतं, आणि ६ जून २०२५ ला न्यायमूर्ती क्लॉडिया विल्केन यांनी हाऊस खटल्यातली, म्हणजे खेळाडूंनी मोबदल्यासाठी एनसीएएवर लावलेल्या दाव्यातली तडजोड मंजूर केली. जुन्या खेळाडूंना सुमारे २.८ अब्ज डॉलर, आणि यापुढे विद्यापीठांनी स्वतः खेळाडूंना पैसे द्यायला मुभा, पहिल्या वर्षी २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. ओबॅनन खटल्याचा निकालही २०१४ मध्ये याच बाईंनी दिला होता. उद्या काही मोठ्या विद्यापीठांनी वेगळी चूल मांडली तर? पॅक-१२ सारखी शंभर वर्षांची कॉन्फरन्स २०२४ मध्ये दोन टीमवर आली, हे आपण पाहिलंय. छोट्या विद्यापीठांचे परवाने कुणाला नकोसे झाले, तर १३४ चे ४० उरतील.

मला विचाराल तर, खेळाडूंची संघटना होणं यात खेळाचं हित आहे. एक सही, ठरलेला वाटा, पाच-सात वर्षांचा करार. मुलांचा मोबदलाही तेव्हाच घासाघीस करून ठरेल.

अटलांटाची अनघा

शंभर टक्के.

एडिसनकर

मला नाही पटत. संघटना आली की मुलं कर्मचारी, कर्मचारी आले की परदेशी मुलांच्या व्हिसाचं काय? अनघा, तूच म्हणालीस.

अटलांटाची अनघा

खरंय, तो प्रश्न उरतो. पण सध्याही तो सुटलेला नाहीच ना. निदान भांडायला कुणीतरी असेल.

शारदाकाकू

नातवाला विचारलं, तुझा खेळ बंद झाला तर? म्हणाला, आज्जी, मग मी तुला शिकवेन ते कोण बघणार? मी चौथा डाऊन शिकले बरं का. काल मीच त्याला सांगितलं, एक यार्ड उरलाय, पंट नको, पळव. पळवला आणि मिळाला.

पिक्सेलपंत

काकू, तुम्ही माझ्या टीमच्या कोच!

हुरॉनकाठचा

सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाकडे येतो.

काल माळ्यावर चढलो. डिस्क नीट आहे, एक ओरखडाही नाही. एक्सबॉक्स पहिल्या झटक्यात सुरू झाला. आत आमची २०१३ सालची डायनॅस्टी सेव्ह होती, चौघांची नावं तशीच. त्यातला एक आता बंगलोरला असतो, त्याला फोटो पाठवला. तिकडे पहाट होती, तरी लगेच फोन आला.

मुलगा शेजारी बसून बघत होता. आधी तो चित्रांना हसला, मग म्हणाला, बाबा, याला नाव का नाही? नंबर १७, एक बदली खेळाडू, त्याचं नाव भरायचं राहून गेलं होतं. खरा कोण होता ते आम्ही दोघांनी जुन्या यादीत शोधलं आणि त्याने कंट्रोलरवर एकेक अक्षर निवडून भरलं. वीस मिनिटं लागली.

तर एक्सबॉक्स आता खाली, टीव्हीपाशी. दोन्ही खेळ राहतील. बायकोचीही हरकत नाही, तिने दोन हाफ पाहिले.

स्कार्लेटवहिनी

शनिवारी इकडे या सगळे. तीन तासांचा रस्ता आहे. डिस्क आणा, आमचा लेक बघेल तरी एकदा. साबुदाणा वडे करते. निळे-पिवळे कपडे घातलेत तरी आत घेईन.

हुरॉनकाठचा

येतो. निघालो की फोन करतो.